दूरसंचार कंपन्यांचा मार्गाधिकार आणि खाजगी जमिनीवरील त्याच्या कायदेशीर मर्यादा : यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि इंटरनेट या सेवा आज ग्रामीण जीवनाचा अविभाज्य भाग झाल्या आहेत. शिधावाटप, अनुदानाचे वितरण, पीकविम्याची नोंदणी, विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज यांपैकी कोणतेही काम आता जोडणीशिवाय पूर्ण होत नाही. केंद्र शासनाने ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली व पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हापासून तर केबल, खांब आणि मनोरे गावाच्या शिवारात पोहोचणे ही सार्वजनिक गरज ठरली. मात्र ही केबल जमिनीखालून जाते आणि ती जमीन कोणाची तरी असते. हा मनोरा कोणाच्या तरी वावरात उभा राहतो आणि त्या वावराचा सातबारा कोणाच्या तरी नावे असतो. सार्वजनिक गरज आणि खाजगी मालकी यांची गाठ येथे पडते.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ इतकी होती. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असून शेती मोठ्या प्रमाणावर पावसावर अवलंबून आहे. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव आणि झरी जामणी या तालुक्यांतील आदिवासी गावे डोंगर आणि जंगलाच्या कडेला विखुरलेली आहेत. ज्या गावांना जोडणीची सर्वाधिक गरज आहे, त्याच गावांतील जमीनधारक कायद्याच्या माहितीपासून सर्वाधिक दूर आहेत. त्यामुळे कंपनीचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे स्पष्टपणे मांडणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मार्गाधिकार या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे. (२) १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि २०२३ चा दूरसंचार अधिनियम यांतील खाजगी जमिनीविषयक तरतुदींची तुलना करणे. (३) जमीनधारकाच्या संमतीचे व भरपाईचे कायदेशीर स्थान तपासणे. (४) यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी जमिनींच्या संदर्भात निर्माण होणाऱ्या प्रश्नांचा विचार करणे. लेखासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी व न्यायनिर्णय हा त्याचा मुख्य आधार आहे.

१. मार्गाधिकार : संकल्पना व स्वरूप

मार्गाधिकार हा शब्द मराठीत बहुधा वहिवाटीच्या अर्थाने समजला जातो. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बैलगाडी नेण्याचा हक्क किंवा पांदण रस्त्याचा वाद या गोष्टी शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या आहेत. असे वाद १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम यांनुसार सोडविले जातात. तेथे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क निर्माण होतो.

दूरसंचाराचा मार्गाधिकार यापेक्षा वेगळा आहे. कंपनीकडे शेजारची जमीन असण्याची गरज नसते. तिचा अधिकार वहिवाटीतून येत नाही. तो एक तर कायद्यातून येतो किंवा करारातून. तसेच हा अधिकार म्हणजे भूसंपादनही नव्हे. भूसंपादनात मालकी शासनाकडे जाते व सातबाऱ्यावरील नाव बदलते. मार्गाधिकारात मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. वरकरणी हा फरक शेतकऱ्याच्या हिताचा दिसतो. परंतु मालकी जात नसल्यामुळेच २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील वाढीव मोबदला, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन व पुनर्वसन यांचे संरक्षण त्याला मिळत नाही. त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायद्यांचा समावेश आहे. त्यांत विद्युत अधिनियम व पेट्रोलियम वाहिन्यांचा अधिनियम आहेत, तार अधिनियम मात्र नाही.

२. १८८५ च्या तार अधिनियमाने घालून दिलेली चौकट

सुमारे १४० वर्षे खाजगी जमिनीवरील तारमार्गाचे नियमन १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने केले. या कायद्याच्या कलम १० अन्वये तार प्राधिकरणाला कोणत्याही स्थावर मालमत्तेच्या खालून, वरून, कडेने किंवा आरपार तारमार्ग टाकण्याचा व खांब उभारण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार अत्यंत व्यापक वाटतो. पण त्याच कलमाच्या परंतुकांत चार मर्यादा घातल्या आहेत.

पहिली मर्यादा अशी की, हा अधिकार केंद्र शासनाने स्थापन केलेल्या किंवा राखलेल्या तारव्यवस्थेसाठीच वापरता येईल. दुसरी मर्यादा म्हणजे वापराखेरीज अन्य कोणताही हक्क मालमत्तेत निर्माण होणार नाही. तिसरी मर्यादा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेबाबत असून तेथे त्या प्राधिकरणाची परवानगी लागते. चौथी मर्यादा शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे : अधिकार वापरताना शक्य तितके कमी नुकसान केले पाहिजे आणि जे नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई सर्व हितसंबंधितांना दिली पाहिजे.

येथे 'सर्व हितसंबंधित' हा शब्दप्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. भरपाई फक्त सातबाऱ्यावरील मालकापुरती मर्यादित नाही. ज्याने जमीन ठोक्याने किंवा बटईने केली आहे, ज्याचे उभे पीक तुडविले गेले आहे, त्याचाही त्यात समावेश होऊ शकतो.

जमीनधारकाने विरोध केल्यास काय करावे, याचे उत्तर कलम १६ मध्ये आहे. विरोध मोडून काढण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही. प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे आणि त्यांच्या आदेशानंतरच काम पुढे नेता येते. आदेशानंतरही अडथळा आणल्यास तो भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील अपराध ठरत असे. भरपाई पुरेशी आहे किंवा नाही, याचा वाद मात्र जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. म्हणजेच प्रवेशाचा प्रश्न कार्यकारी अधिकाऱ्याकडे आणि भरपाईचा प्रश्न न्यायिक अधिकाऱ्याकडे, अशी विभागणी कायद्याने केली.

कलम १७ फारसे परिचित नाही. जमीनधारकाला आपल्या जमिनीचा वेगळा उपयोग करावयाचा असेल, उदाहरणार्थ घर बांधावयाचे किंवा विहीर खोदावयाची असेल, तर तारमार्ग त्याच जमिनीच्या दुसऱ्या भागात अथवा वेगळ्या उंचीवर वा खोलीवर हलविण्याची मागणी तो करू शकतो. पूर्वी भरपाई घेतली असल्यास त्याला हलविण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती द्यावी लागते. कंपनीचा वापराधिकार जमिनीच्या भावी उपयोगाला कायमचे बांधून ठेवीत नाही, हे तत्त्व या कलमात आहे.

३. खाजगी कंपनी व संमतीचा प्रश्न

१८८५ चा कायदा झाला तेव्हा तारसेवा शासनाची होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या, तर १ ऑक्टोबर २००० रोजी शासकीय सेवेचे रूपांतर भारत संचार निगम या कंपनीत झाले. शासनासाठी निर्माण केलेला अधिकार परवानाधारक कंपनीला मिळतो काय, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला. याचे उत्तर कलम १९-ब मध्ये आहे. केंद्र शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे परवानाधारकाला तार प्राधिकरणाचे सर्व किंवा काही अधिकार देऊ शकते व त्यावर अटी घालू शकते. याचा अर्थ केवळ परवाना असणे पुरेसे नाही. अधिकार प्रदान केल्याची अधिसूचना आणि तिची व्याप्ती पाहणे आवश्यक आहे. ज्या कंपनीकडे असे प्रदान नाही, तिला जमीनधारकाशी करार करण्यावाचून पर्याय नाही. तिने संमतीविना केलेला प्रवेश हा अतिक्रमणाचाच प्रकार होय.

ज्याच्याकडे असे अधिकार आहेत, त्याला मात्र पूर्वसंमतीची आवश्यकता नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. हा मुद्दा वीजवाहिन्यांच्या संदर्भात अधिक स्पष्ट झाला. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ नुसार वीज पारेषण कंपन्यांना तार प्राधिकरणाचे अधिकार देता येतात. 'पॉवर ग्रिड कॉर्पोरेशन विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाईल्स' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये असे अधिकार असणाऱ्या कंपनीला जमीनधारकाची पूर्वसंमती घेण्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले. जमीनधारकाचा उपाय भरपाईचा आहे, काम रोखण्याचा नाही, हा या भूमिकेचा आशय होय.

तथापि या भूमिकेचा अर्थ अमर्याद असा काढता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याने प्राप्त अधिकाराखेरीज कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. 'कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह' या प्रकरणात १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात अंतर्भूत सात हक्कांची मांडणी केली. सूचना मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, सकारण निर्णय होणे, संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असणे, न्याय्य भरपाई मिळणे, प्रक्रिया कार्यक्षमतेने चालविली जाणे आणि ती पूर्णत्वास नेली जाणे हे ते हक्क होत. तो निर्णय संपादनाविषयीचा असला, तरी जमिनीच्या उपभोगावर कायमस्वरूपी मर्यादा आणणाऱ्या मार्गाधिकारालाही त्यांतील सूचना, सुनावणी व सकारण निर्णय ही तत्त्वे लागू केली जावीत, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

४. परवानगीतील सवलत व तिच्याविषयीचा गैरसमज

१५ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतीय तार मार्गाधिकार नियम अधिसूचित झाले. महानगरपालिका, ग्रामपंचायत, रस्ते विभाग यांच्याकडील परवानग्यांत एकसूत्रता आणणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने खाजगी मालमत्तेवर दूरसंचार साधने उभारण्यासाठी या प्राधिकरणांच्या परवानगीची आवश्यकता काढून टाकली. इमारतीवरील मनोऱ्याबाबत पूर्वसूचना देणे तेवढे आवश्यक ठेवले.

या सवलतीमुळे एक गैरसमज निर्माण होण्याचा संभव आहे. परवानगी लागत नाही म्हणजे मालकाची संमतीही लागत नाही, असे गावपातळीवर सांगितले जाऊ शकते. वास्तविक या दोन गोष्टी पूर्णतः भिन्न आहेत. नियमाने सवलत दिली ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या परवानगीपासून. मालकाच्या हक्कापासून नव्हे. शासकीय परवानगीने खाजगी मालकाची संमती निर्माण होत नाही आणि शासकीय परवानगी माफ झाल्याने ती संमती माफही होत नाही.

याच्या उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मालकाने संमती दिल्यानंतर ग्रामपंचायतीला मनोरा केवळ भीतीपोटी रोखता येत नाही. सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे येथील ग्रामपंचायतीने किरणोत्सर्गाच्या भीतीने मनोऱ्याच्या विरोधात केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरविला. म्हणजे जमीनधारकाचा हक्क आणि गावाचा विरोध यांचा आधार कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळा आहे.

५. दूरसंचार अधिनियम २०२३ : करार आधी, सक्ती नंतर

दूरसंचार अधिनियम २०२३ ला २४ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मार्गाधिकाराविषयीचे त्याचे तिसरे प्रकरण २६ जून २०२४ पासून अमलात आले. त्याखालील दूरसंचार (मार्गाधिकार) नियम २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू होऊन त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली.

नव्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता व अन्य मालमत्ता असा स्पष्ट भेद केला आहे. कलम १२ अन्वये कंपनीने खाजगी जमिनीच्या मालकाकडे किंवा जमिनीचे नियंत्रण असणाऱ्या व्यक्तीकडे अर्ज करावयाचा आहे. मालक परस्पर संमतीने ठरलेल्या मोबदल्यावर करार करू शकतो. १८८५ च्या कायद्यात प्रवेशाचा अधिकार आधी आणि भरपाई नंतर असा क्रम होता. नव्या कायद्यात अर्ज आणि करार यांना पहिले स्थान मिळाले, हा महत्त्वाचा बदल होय.

परंतु मालकाचा नकार अंतिम नाही. मालकाने मार्गाधिकार दिला नाही आणि सार्वजनिक हितासाठी तो आवश्यक आहे असे केंद्र शासनाने ठरविले, तर शासन स्वतः किंवा नियुक्त प्राधिकरणामार्फत तो मार्गाधिकार संपादन करू शकते. येथे दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, सार्वजनिक हित ठरविण्याचा अधिकार कंपनीचा नाही, तो शासनाचा आहे. दोन, असा निर्णय होईपर्यंत मालकाचा नकार हा कायदेशीर नकारच आहे. ठेकेदाराच्या माणसाने 'सरकारी काम आहे' असे सांगणे म्हणजे कलम १२ खालील निर्णय नव्हे.

कलम १४ नुसार कंपनीला वापराखेरीज मालमत्तेत कोणताही हक्क, मालकी वा हितसंबंध मिळत नाही. त्याचबरोबर मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे हे त्या मालमत्तेचा भाग मानले जात नाही व मालमत्ता कराच्या दृष्टीनेही ते वेगळे राहते. या तरतुदीचे महत्त्व पूर्वीच्या निर्णयाच्या पार्श्वभूमीवर कळते. 'अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भ्रमणध्वनीचे मनोरे मालमत्ता कराच्या प्रयोजनार्थ इमारतीच्या संज्ञेत येतात असे ठरविले होते. ग्रामपंचायतींच्या उत्पन्नाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. शेतकऱ्यासाठी या तरतुदीचा अर्थ दुहेरी आहे : जमीन विकली किंवा तिच्यावर जप्ती आली तरी मनोऱ्यावर तिचा बोजा येत नाही, आणि मनोरा कितीही वर्षे उभा राहिला तरी त्याखालची जमीन कंपनीची होत नाही.

वादाच्या निवारणाची जुनी विभागणी नव्या कायद्याने मुख्यतः कायम ठेवली आहे. कलम १८ नुसार मार्गाधिकाराचे वाद जिल्हा दंडाधिकारी किंवा अधिसूचित प्राधिकरणाकडे आणि भरपाईचे वाद जिल्हा न्यायाधीशांकडे जातात. यवतमाळच्या जमीनधारकाला यासाठी नागपूर किंवा दिल्ली गाठावी लागत नाही, ही जमेची बाजू होय.

६. व्यवहारातील करार : केबल व मनोरा

कायद्यातील सक्तीपेक्षा करारच व्यवहारात अधिक आढळतो. विशेषतः मनोऱ्यांच्या बाबतीत. म्हणून कराराचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे.

केबलच्या बाबतीत बहुधा लेखी करारच होत नाही. समजा, केळापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या धुऱ्यालगत उन्हाळ्यात चर खोदला गेला. रस्त्याच्या हद्दीतून केबल जात आहे असे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्या पांदण रस्त्याची मोजणी कधी झालेलीच नाही. दूरसंचार विभागाच्या प्रचलित मानकानुसार केबल सुमारे १.६५ मीटर खोल असावी लागते. परंतु मुरूम किंवा खडक लागल्यास ती उथळ टाकली जाण्याचा संभव असतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पुढे नांगरट, शेततळे किंवा पाइपलाइनच्या खोदकामात केबल तुटली तर दायित्व कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो. तुटलेल्या केबलची भरपाई शेतकऱ्याकडून मागितली जाऊ शकते. म्हणून केबलचा मार्ग व खोली यांची लेखी नोंद त्याच्याकडे असणे हेच त्याचे पहिले संरक्षण आहे. खोदकामापूर्वी भूमिगत साधनांच्या मालकांना सूचना देण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. तथापि ज्याला आपल्या वावरात केबल आहे हेच ठाऊक नाही, त्याला या ॲपचा उपयोग मर्यादितच राहणार.

तोंडी परवानगीही निरुपद्रवी नसते. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६० नुसार परवानगी देणारा ती सामान्यतः मागे घेऊ शकतो. परंतु परवानगीच्या आधारे दुसऱ्या पक्षाने खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर ती मागे घेता येत नाही. म्हणजे 'टाका, काही हरकत नाही' असे सहज उच्चारलेले वाक्य पुढे मालकालाच बांधू शकते.

मनोऱ्याच्या बाबतीत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा केला जातो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार सक्तीची आहे. शेतजमिनीवरील मनोरा हा अकृषिक वापर असल्याने जमीन महसूल संहितेतील तरतुदींचाही विचार करावा लागतो; वर्ग-२ च्या जमिनीसाठी सक्षम महसुली परवानगी आवश्यक ठरते. जमीन अविभक्त असेल तर एका भावाने केलेल्या करारामुळे अन्य सहहिस्सेदारांचे, त्यांत बहिणींचेही, हक्क नष्ट होत नाहीत. कराराचा मसुदा बहुधा कंपनीनेच तयार केलेला व इंग्रजीत असतो. कंपनीला करार केव्हाही संपविता यावा पण मालकाला तो ठरावीक काळ संपविता येऊ नये, अशी एकतर्फी अट त्यात आहे काय, हे तपासल्याशिवाय सही करणे हिताचे नाही. मुदत संपल्यावर मनोरा कोणी काढावयाचा आणि सिमेंट काँक्रीटचा पाया खणून जमीन पूर्ववत कोणी करावयाची, ही बाबही लेखी असणे अत्यावश्यक आहे.

७. आदिवासी जमीन : एक वेगळी व कठोर मर्यादा

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १८.५ टक्के होते. गोंड, कोलाम, परधान, आंध इत्यादी जमाती येथे राहतात. त्यांपैकी कोलाम ही विशेष असुरक्षित जमात म्हणून केंद्र शासनाने मान्य केलेली आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही प्रकारे बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यासाठी किंवा गहाणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. अन्य सर्व प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीला राज्य शासनाची पूर्वमान्यता आवश्यक असते. हे कलम केवळ अनुसूचित क्षेत्रापुरते नसून संपूर्ण राज्याला लागू आहे.

दूरसंचार कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने बिगर आदिवासी व्यक्ती होय. पंधरा किंवा वीस वर्षांचा मनोऱ्याचा भाडेपट्टा जर या मंजुरीशिवाय केला असेल तर तो या कलमाच्या कसोटीवर टिकत नाही. कराराला भाडेपट्ट्याऐवजी 'परवाना' असे नाव दिले तरी, कुंपण घालून जागेचा अनन्य ताबा घेतला असल्यास, नावापेक्षा वस्तुस्थितीला महत्त्व दिले जावे, हे उघड आहे. 'किंवा अन्य प्रकारे' या शब्दांचा हेतू तोच आहे.

येथे खरी अडचण अशी आहे की, व्यवहार अवैध ठरल्यास त्याचा पहिला फटका आदिवासी खातेदारालाच बसू शकतो. त्याचे दरमहा येणारे भाडे थांबते, पाया वावरातच राहतो आणि गावाची जोडणीही धोक्यात येते. म्हणून कलम ३६-अ ला अडथळा समजून त्याला वळसा घालणे कोणाच्याच हिताचे नाही. मंजुरीच्या प्रक्रियेत जिल्हाधिकाऱ्यांसमोर मोबदला, मुदत व पुनर्स्थापनेच्या अटी येतात, आणि कागद वाचून समजावून देणारे कोणी नसलेल्या खातेदाराच्या बाजूने पाहणारा एक अधिकारी त्या व्यवहारात येतो, हे त्याचे मूल्य आहे.

अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी १९९६ चा पेसा कायदाही विचारात घ्यावा लागतो. विकास प्रकल्पांसाठी भूसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभा किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करणे त्यानुसार आवश्यक आहे. कलम १२ खालील मार्गाधिकाराचे 'संपादन' या तरतुदीच्या कक्षेत येते काय, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. मालकी जात नसली तरी जमिनीच्या वापरावर दीर्घकालीन बंधन येते. त्यामुळे विचारविनिमय करणे हे कायद्याच्या हेतूशी अधिक सुसंगत ठरेल.

८. भरपाईचे तुलनात्मक स्वरूप

भरपाईच्या बाबतीत वेगवेगळ्या कायद्यांत मोठी तफावत दिसते. पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसाठीच्या १९६२ च्या अधिनियमात वापराधिकारासाठी अधिसूचना, २१ दिवसांत हरकत घेण्याची संधी आणि प्रत्यक्ष नुकसानीव्यतिरिक्त जमिनीच्या बाजारमूल्याच्या १० टक्के भरपाई अशी निश्चित पद्धत आहे. वीजवाहिन्यांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायासाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के व वाहिनीखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के असे मार्गदर्शक प्रमाण सुचविले; जून २०२४ मध्ये ते अनुक्रमे २०० टक्के व ३० टक्के करण्यात आले. १८८५ च्या कायद्यात मात्र असे प्रमाण नाही; 'पूर्ण भरपाई' एवढाच निकष आहे.

'केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध लिव्हिशा' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये भरपाईचे एकच सूत्र सर्वत्र लावण्यास नकार दिला. जमिनीचे स्थान, वाहिनी जमिनीच्या कडेने जाते की मधून, व्यापलेला भाग किती, उरलेल्या जमिनीच्या उपयोगावर कोणता परिणाम होतो, या बाबी पाहाव्यात असे न्यायालयाने म्हटले. हा निकष केबललाही उपयुक्त आहे. दहा एकरांच्या धुऱ्याने जाणारी केबल आणि दोन एकरांच्या तुकड्याला मधोमध चिरणारी केबल यांची लांबी सारखी असली तरी नुकसान सारखे नसते.

अन्य देशांतही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क येथील एका इमारतीच्या छतावर केबल कंपनीने लावलेल्या तारा व पेट्यांबद्दल कायद्याने अवघा एक डॉलर मोबदला ठरविण्यात आला होता. 'लॉरेटो विरुद्ध टेलिप्रॉम्प्टर' या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये असे ठरविले की, व्यापलेली जागा कितीही लहान असली तरी कायमस्वरूपी भौतिक कब्जा हा मालमत्तेचा ताबा घेणेच होय व त्यासाठी न्याय्य मोबदला द्यावा लागतो. मिसूरी राज्यातील 'बारफिल्ड विरुद्ध शो-मी पॉवर' या प्रकरणात २०१७ मध्ये वीजवाहिनीसाठी घेतलेल्या मार्गाधिकारावर व्यापारी दूरसंचार केबल चालविणे हे मूळ हक्काच्या बाहेरचे ठरले. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नव्या संहितेने मोबदल्याच्या मूल्यांकनाची पद्धत बदलल्यानंतर मनोऱ्यांचे भाडे घटले आणि जमीनधारक व कंपन्या यांच्यातील वाद वाढले. जोडणी स्वस्त करण्याचा खर्च अखेर कोणी सोसावा, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे.

निष्कर्ष

१. दूरसंचार कंपनीचा खाजगी जमिनीवरील अधिकार हा वापरापुरता असून तो कायद्यातून किंवा करारातूनच निर्माण होतो. तिसरा मार्ग नाही.

२. दूरसंचार अधिनियम २०२३ ने करारास अग्रस्थान दिले असले तरी सार्वजनिक हितासाठी सक्तीने मार्गाधिकार घेण्याची तरतूद ठेवली आहे. मात्र त्यासाठी शासनाचा निर्णय आवश्यक असून कंपनी किंवा ठेकेदार तो स्वतः घेऊ शकत नाही.

३. शासकीय परवानगी आणि मालकाची संमती या भिन्न बाबी आहेत.

४. आदिवासी जमिनीवरील मनोऱ्याचा दीर्घ मुदतीचा करार कलम ३६-अ खालील मंजुरीशिवाय टिकाऊ ठरत नाही.

५. केबलच्या भरपाईचे प्रमाण कायद्याच्या मूळ मजकुरात निश्चित नसल्यामुळे अल्पभूधारकांची स्थिती दुर्बळ राहते.

सूचना

केबल टाकण्यापूर्वी भूमी अभिलेख विभागाकडून रस्त्याची हद्द मोजून घ्यावी व केबलचा गटनिहाय मराठी नकाशा तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत उपलब्ध ठेवावा. कराराची मराठी प्रत जमीनधारकास सहीपूर्वी देण्यात यावी. कलम ३६-अ खालील मंजुरीची प्रकरणे निश्चित कालमर्यादेत निकाली काढावीत, जेणेकरून जोडणी आणि संरक्षण यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ गावावर येणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने करारवाचनाची शिबिरे घेतल्यास या विषयातील अज्ञान बऱ्याच अंशी दूर होईल. विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीला ज्या मनोऱ्यावरून संकेत मिळतो, त्या मनोऱ्याखालची जमीन कदाचित त्याच्याच कुटुंबाची असेल. तिचा करार त्याला वाचता आला पाहिजे.